रेडा ब्लर करायला सांगणाऱ्या एस अँड पी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

एस अँड पी म्हणजे स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, एपिसोडमधलं काय दाखवायचं आणि काय कापायचं ते ठरवणारा चॅनलचा विभाग. तुम्ही मला ओळखत नाही पण मी तुम्हाला चांगला ओळखतो, म्हणजे तुमच्या एक्सेल शीटला ओळखतो. टाइमकोड, शब्द, कारण, ॲक्शन असे चार कॉलम. मी फ्रीलान्स एडिटर, कळव्याला राहतो, घर वन बीएचके आणि एक बंद करून घेतलेली बाल्कनी, त्या बाल्कनीत माझी सिस्टिम आहे आणि तिथेच बसून गेली काही वर्षं मी मराठी कॉमेडी शोंच्या एपिसोडवर तुमच्या नोट्सप्रमाणे बीप मारतोय. चॅनलचं नाव लिहीत नाही, कारण एक तर पोट आहे आणि दुसरं म्हणजे चॅनल बदललं तरी शीट तीच येते.

बीपमध्ये काही विद्या नाही हो. १००० हर्ट्झचा टोन असतो, तो टाइमलाइनवर त्या शब्दाच्या डोक्यावर ठेवायचा, खालचा आवाज बंद करायचा, झालं. रात्री-बेरात्री तो टूंऽऽ भिंतीपलीकडे जातो. शेजारचे काका एकदा लिफ्टमध्ये हळूच विचारत होते, आईची तब्येत बरी आहे ना, मशीनचा आवाज येतो म्हणून विचारलं. त्यांना वाटलं आम्ही घरीच आयसीयू लावलाय.

तर पत्राचं निमित्त रेडा.

स्किट अगदी साधं होतं. यमराज घोडबंदर रोडला एका पेशंटचे प्राण न्यायला निघतात, गायमुखला ट्रॅफिकमध्ये अडकतात, रेडा नो पार्किंगमध्ये उभा म्हणून टोइंगवाले उचलून नेतात, तो सोडवेपर्यंत पेशंट बरा होऊन, डिस्चार्ज घेऊन, घरी जाऊन वरणभात खात बसलेला असतो. मध्ये एक बुवा येतो जो खुद्द यमराजांनाच मोक्षाचं पॅकेज विकायला बघतो, ईएमआयवर. ठाण्याचा कुठलाही माणूस यात यमराजांच्याच बाजूने असणार, गायमुखला अडकलेला प्राणी आपला वाटतोच. तुमची शीट आली. 'यमराज' हे धार्मिक पात्र, नाव बीप. रेडा हे धार्मिक वाहन, ब्लर. आणि बुवाच्या तोंडावर दुसरं पात्र 'भोंदू' म्हणतं, ते बीप.

केला ब्लर. रेडा म्हणजे काळ्या कापडाखाली वाकलेले दोन ज्युनियर आर्टिस्ट होते बिचारे, त्यांचं तेवढंच काम होतं एपिसोडमध्ये, तेही गेलं. स्क्रीनवर यमराज एका धुरकट डागावर बसून हलत-डुलत चाललेत असं दिसत होतं आणि ते मूळ जोकपेक्षा जास्त विचित्र दिसत होतं. पहाटे तीनला एक्सपोर्ट लावून बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं, पैठणला ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडाच ना, आणि ती गोष्ट पोरांना सांगताना आपण सगळे कोणाला हसतो, तर अडून बसलेल्या शास्त्री मंडळींना हसतो. कीर्तनकार ती रंगवून सांगतात, अख्खा मंडप हसतो, माईक चालू असतो आणि कोणी बीप मारत नाही.

एपिसोड लागला त्या रात्री आई बघत होती. आमचं गाव कुडाळकडचं, आई एकादशी चुकवत नाही, आणि कॉमेडी शोही चुकवत नाही. 'यमराज'वर माझा टूंऽऽ आला तशी ती माझ्याकडे वळून म्हणते, "काय बोल्लो रे तो मेलो?" मी म्हटलं, अगं यमराज म्हणाला. तिला पटेचना. "खोटा सांगू नको, कायतरी घाण बोल्लो असतलो." आता बोला. त्या शब्दावर बीप नसता तर ती हसून चहा टाकायला गेली असती, बीप होता म्हणून तिने मनातल्या मनात तिथे एक सणसणीत शिवी भरली. देवादिकांचं नाव तुम्ही शिव्यांच्या रांगेत नेऊन बसवलंत आणि रजिस्टरमध्ये नोंद काय, तर धार्मिक भावना जपल्या.

तुम्ही म्हणाल, तू टोन ठेव, कायद्याचं आम्ही बघतो. पण तोच तर प्रॉब्लेम आहे, मला आता वाटायला लागलंय की कायद्याचं तुम्हीही बघत नाही. टीव्हीच्या शोला सिनेमासारखं आधी सेन्सॉर बोर्डापुढे जावं लागत नाही. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत प्रोग्राम कोड आहे, त्यातला सहावा नियम, धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला नको, धार्मिक गटांबद्दल तिरस्कार दाखवणारे शब्द आणि दृश्यं नकोत. ठीक आहे ना, कोण नाही म्हणतंय. पण यमराज गायमुखला अडकले हा हल्ला झाला कोणावर? झालाच असेल तर रस्ता खणून ठेवणाऱ्यांवर झाला, आणि त्यांची भावना गेली कित्येक वर्षं कशानेच दुखावलेली नाही. कोणाला आक्षेप असेल तर त्याची पण सोय आहे, २०११ पासून बीसीसीसी आहे, म्हणजे चॅनलवाल्यांनीच नेमलेली तक्रार समिती, निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात, आणि जून २०२१ मध्ये नियम बदलून तीन पायऱ्या केल्या, आधी चॅनल, मग स्वनियमन करणारी संस्था, मग केंद्र सरकार. चॅनलने २४ तासांत पोच द्यायची, १५ दिवसांत निकाल द्यायचा. म्हणजे सगळी मांडणी अशी आहे की आधी तक्रार येणार, मग तुम्ही ऐकणार, मग ठरवणार. तुम्ही काय करता, तर जी तक्रार कोणी केलेलीच नाही तिचा निकाल रात्री अकराला माझ्या मेलवर पाठवता, तोही तक्रारदाराच्या बाजूने.

पोलिसांच्या बाजूचं कलम म्हणजे दंड संहितेतलं जुनं २९५ अ, धार्मिक भावना दुखावण्याचं. १९२७ साली इंग्रजांनी आणलं, लाहोरला छापलेल्या एका पुस्तिकेवरून पेटलं होतं त्यानंतर. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २९९ नंबरने बसलंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत, आणि १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम कायम ठेवतानाच सांगितलं की नकळत, निष्काळजीपणाने किंवा असा हेतू नसताना झालेला अपमान यात बसत नाही. आमच्या रायटरचा दुष्ट हेतू एवढाच होता की त्याला वाशीहून घोडबंदरला यायला अडीच तास लागले होते.

हे सगळं कागदावर ठीक आहे, पण तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कॉमेडियन किकू शारदाचं उदाहरण तुमच्या प्रत्येकाच्या डोक्यात असणार, असायलाच हवं. डिसेंबर २०१५ मध्ये एका हिंदी चॅनलवर त्याने डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीम बाबाची नक्कल केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये हरियाणाचे पोलीस मुंबईला येऊन त्याला घेऊन गेले. याच २९५ अ खाली. एक लाखाच्या बाँडवर जामीन. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये तोच बाबा दोन शिष्यांवरच्या बलात्कारासाठी दोषी ठरला, वीस वर्षांची शिक्षा झाली, निकालाच्या दिवशी पंचकुल्यात जो धिंगाणा झाला त्यात तीसच्या वर माणसं मेली. क्रम बघा फक्त. नक्कल करणारा आधी आत गेला, अस्सल नंतर गेला. आणि आपल्या शीटवर अजून काय आहे? 'भोंदू', बीप.

मुंब्रा तर माझ्या घरापासून एक स्टेशन. जानेवारी २०१५ मध्ये शिरीन दळवी, 'अवधनामा' या उर्दू पेपरच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक, त्यांनी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकावर झालेल्या हल्ल्यानंतरच्या एका बातमीसोबत त्याच साप्ताहिकाचं प्रेषितांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं. दुसऱ्याच दिवशी माफी छापली. तरी वेगवेगळ्या ठिकाणी गुन्हे, मुंब्रा पोलिसांनी अटक केली, जामीन मिळाला पण आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली, बाईंना घर सोडून लपून राहावं लागलं. ज्या बाईने अख्खं करिअर त्याच समाजासाठी, त्याच भाषेत पेपर काढण्यात घालवलं तिच्यावर ही वेळ. आणि २०१२ चं पालघर, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून आणि त्या लाइक केल्या म्हणून दोन मुलींना अटक झाली होती. त्यातूनच ती केस उभी राहिली ज्यात मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं ६६ अ रद्द केलं. म्हणून सांगतो, तुम्ही घाबरता ते मला कळतं. फक्त घाबरून तुम्ही जे करता त्याने भीती कमी होत नाहीये, त्यावर मला बोलायचंय.

आमच्या लाइनमध्ये एक बीप फेमस आहे. एप्रिल २०१०, अमेरिका, कॉमेडी सेंट्रल चॅनल, 'साउथ पार्क' नावाचं कार्टून, मोठ्यांसाठीचं, कोणालाही न सोडणारं. लागोपाठ दोन भाग होते ज्यात इस्लामच्या प्रेषितांचा उल्लेख होता, आणि विषयच हा होता की त्यांना दाखवायला सगळे का घाबरतात. पहिला भाग लागल्यावर एका वेबसाइटवरून मेकर्सना इशारा आला, तुमचं थिओ व्हॅन गॉगसारखं होईल, हा डच दिग्दर्शक, ज्याचा २००४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये भर रस्त्यात खून झाला होता. दुसऱ्या भागात चॅनलने नाव आलं तिथे तिथे बीप मारले. इथपर्यंत एक वेळ समजू शकतो. पण शेवटी एक पोरगं भाषण करतं, धमकी आणि भीती याबद्दल, ते भाषणच्या भाषण, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, सलग बीप. मेकर्सनी नंतर जाहीर सांगितलं की हा बीप आमचा नाही, चॅनलचा आहे, आणि त्या भाषणात प्रेषितांचं नावसुद्धा नव्हतं. म्हणजे भीतीबद्दल बोलणंच भीतीने बीप करून टाकलं. एडिटर म्हणून सांगतो, एवढा लांब टोन ठेवताना हात थरथरतो, कारण तीन सेकंदांपुढे गेला की माणूस रिमोट शोधतो, टीव्ही बिघडला की काय.

आणि गंमत बघा, त्याच कार्टूनने २००१ मध्ये तेच पात्र सरळ दाखवलं होतं, इतर धर्मसंस्थापकांसोबत, आणि तेव्हा काही झालं नव्हतं. नऊ वर्षांत काय बदललं? धर्म तोच, चॅनल तेच. मधल्या काळात डेन्मार्कमध्ये छापलेल्या प्रेषितांच्या व्यंगचित्रांवरून आगी लागल्या, माणसं मेली, आणि चॅनल शिकलं. पण चॅनलसोबत अजून कोणीतरी शिकत असतं हे तुम्ही लक्षातच घेत नाही. २०१० च्या त्या भागांत बाकीच्या धर्मांच्या देवांची, महापुरुषांची चेष्टा होती, चांगली जोरदार होती, ती सगळी न कापता गेली, कारण त्यांच्या लोकांनी धमकी दिली नव्हती. आता त्या बाकीच्या धर्मातल्या एखाद्या तापट माणसाने यातून काय धडा घ्यावा? की आपण शांत बसलो हीच चूक झाली. तुम्ही नेमका हाच क्लास चालवताय राव, रोज रात्री. जो ओरडेल त्याला खुपणारा शब्द बीप होईल, मग शेजारचा ओरडायला शिकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि आज मराठी टीव्हीवर अशी वेळ आलीये की कोणी ओरडलंच नाही तरी रेडा ब्लर. यमराजांच्या वतीने तर कोणाची संघटनापण नाही, निदान ठाण्यात तरी मी बोर्ड बघितलेला नाही.

बाहेरचं सोडा. आपल्याकडे देवाची थट्टा ही काय सोशल मीडियावाल्यांनी आणलेली फॅशन आहे का? नाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' भारूड काढा आणि तुमच्या शीटवर घाला, बघू किती ओळी उरतात. सोळाव्या शतकातलं आहे. तुर्क हिंदूच्या देवांची, सोवळ्याओवळ्याची यथेच्छ टर उडवतो, हिंदू त्याच्या रीतीभातींची उडवतो, कोणी कोणाला सोडत नाही, आणि भांडून भांडून दमल्यावर शेवटी दोघं गळ्यात पडतात. ते गळ्यात पडणं खरं वाटतं कारण आधीचं भांडण खरं होतं. तुम्ही आधीचं सगळं म्यूट करणार आणि शेवटची मिठी तेवढी ठेवणार, मागे बासरी लावून.

तमाशात गण झाला की गवळण, त्यात कृष्णाला मावशी कसं झापते ते बघितलंय ना, पेंद्या देवाला काय काय बोलतो. आमच्याकडे दशावतारात सुरुवातीलाच काळ्या कपड्यातला संकासूर येतो आणि भटजीपासून ब्रह्मदेवापर्यंत सगळ्यांची मालवणीत खेचतो. ठाण्यात हल्ली सुट्टीच्या दिवशी मैदानावर होतात ना मालवणी जत्रा, तिथे दशावतार असतो, आई पहिल्या रांगेत, पदर तोंडाला लावून खुदखुदते आणि प्रयोग संपला की त्याच गणपतीच्या पाया पडते जो मघाशी विंगेत बसून चहा पीत होता. तिला यात काही विरोध दिसत नाही. मलाही लहानपणापासून दिसला नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून त्यांच्या नवसांचं, कर्ज काढून केलेल्या जत्रांचं हसं करून घ्यायचे, आणि तीच माणसं पुढच्या गावाला पुन्हा त्यांच्या मागे. आणि 'भोंदू' हा शब्द कोणाचा? 'ऐसे कैसे झाले भोंदू, कर्म करोनि म्हणती साधू', तुकोबा. म्हणजे माझ्या टाइमलाइनवर मी १००० हर्ट्झ कोणाच्या डोक्यावर ठेवतोय ते एकदा मला लेखी सांगा.

कोर्टातलं एक उदाहरण देतो, कारण ते टीव्हीचंच आहे. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'तमस' लागत होती, फाळणीच्या दंगलींवरची मालिका. ती बंद करा, लोक भडकतील म्हणून प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, आणि तिथल्या दोन न्यायमूर्तींनी काय केलं, तर ती स्वतः बसून बघितली आणि दाखवायला हरकत नाही म्हणाले. सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. त्या निकालात एक जुनी कसोटी पुन्हा वापरली, ती आपल्याच नागपूरची, स्वातंत्र्याच्या आधी तिथल्या हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी लिहिलेली. मतलब असा की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समजूतदार, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने मोजायचा, जो प्रत्येक गोष्टीत धोकाच हुंगत बसतो त्याच्या मापाने नाही. तुमची कसोटी बरोबर उलटी आहे. पूर्ण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त चिडणारा जो कोणी एक माणूस असेल, जो कदाचित आपला शो बघतसुद्धा नाही, त्याला डोळ्यासमोर ठेवून तुम्ही शीट भरता. माझी आई तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

आता माझ्याबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल मोठा आलाय स्वातंत्र्यवीर. काही बीप मी आनंदाने मारलेत. एकदा जातीचं नाव शिवीसारखं वापरलं होतं, ते तुमची नोट नसताना मी स्वतःहून काढलं आणि डायरेक्टरची बोलणी खाल्ली. एकदा एका स्किटमध्ये बुरख्यातल्या बाईची फक्त ती बुरख्यात आहे म्हणून खिल्ली होती, जोक काहीच नव्हता, त्यावर मी प्रश्न टाकला होता. बुवाची टर आणि एखाद्याच्या जन्माची टर या दोन गोष्टी मला कधी एक वाटल्या नाहीत. पण मजा अशी आहे की तुमच्या शीटवर या दुसऱ्या प्रकारच्या जोकांबद्दल सहसा काही नसतंच! जाड बाईवरचे जोक क्लीन. काळ्या रंगावरचे क्लीन. पुरुषाला साडी नेसवून दहा मिनिटं अंगचटीला जाणं, क्लीन. ज्यांचा मोर्चा येत नाही त्यांच्यावर काहीही चालतं, आणि बुवा म्हटलं की लगेच लाल रंगाचा सेल. मग तुम्ही भावना जपता असं कसं म्हणू मी, तुम्ही मोर्चे मोजता.

मला फार काही नकोय. चौथ्या कॉलमच्या पुढे एक पाचवा कॉलम टाका, नियम कोणता आणि तक्रार कोणाची, एवढंच. तक्रार नसेल तर 'नाही' लिहा. नोट पाठवणाऱ्याचं नाव लिहा, कारण आत्ता मेल एका कॉमन आयडीवरून येते आणि रिप्लाय केला की कोणी उचलत नाही. रायटरला फोन करा, तो बिचारा टेलिकास्टला आपला जोक ऐकायला बसतो आणि टूंऽऽ ऐकून उठतो. आणि कापायचंच असेल तर सरळ पूर्ण वाक्य कापा, बीप नको, निदान घरोघरच्या आया तिथे शिव्या भरणार नाहीत.

हे लिहिताना पुढचा एपिसोड समोर उघडा आहे. यमराज परत आलेत, लोकांना आवडले बहुतेक, या वेळी कोपरी पुलावर अडकलेत. ११ मिनिटं ४२ सेकंदांवर बुवाला भोंदू म्हटलंय, तुमच्या शीटवर तो सेल लाल आहे, कारणाचा कॉलम रिकामा. मी अजून टोन ठेवलेला नाही. कारण भरून पाठवा, उद्या सकाळी दहाच्या आत पाठवा, अकराला मला फाइल अपलोड करायची आहे. कारण नाही आलं तर तुकोबांचा शब्द जसा आहे तसा जाईल.

आपला,
एक एडिटर, कळवा

ता. क. रेड्याच्या पुढच्या पायातल्या पोराने पेमेंटचं विचारलंय. ब्लर झाला तरी दिवसाचे पैसे लागू होतात ना?